वर्षभर थांबावे काय?

डॉक्टरांच्या घरांत 'पुन्हा एकदा परीक्षेला बसणे' ही जणू कुलपरंपराच आहे. आपल्या मंडळातील कितीतरी ज्येष्ठ सभासद मध्य प्रदेशच्या पीएमटीला दोनदा, क्वचित तीनदा बसून डॉक्टर झाले. मी स्वतः दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालो. साहजिकच घरातील एखाद्या मुलीने कायद्याची वाट धरली आणि पहिल्या प्रयत्नात मनाजोगे विद्यापीठ मिळाले नाही, की आपल्या तोंडून आपोआप सल्ला निघतो : 'त्यात काय, एक वर्ष थांब आणि पुन्हा दे.' २०२५ च्या मे महिन्यात माझ्या भाचीपुढे हाच प्रश्न उभा राहिला, आणि वैद्यकातला हा सल्ला कायद्याच्या शिक्षणाला कितपत लागू पडतो, याचा विचार करणे मला भाग पडले.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजेच क्लॅट, २००८ साली सुरू झाली. त्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपापली परीक्षा घेत असे. आरंभीच्या सात विद्यापीठांत केरवा धरणाच्या रस्त्यावरील आपले भोपाळचे एनएलआययू होते. आज ही संख्या वीसच्या पुढे गेली आहे. दोन तासांत १२० प्रश्न, चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा, सारी प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि जवळजवळ सर्व प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले. जीवशास्त्राची पाने पाठ करून आपण जे साधले, ते येथे साधत नाही.

अयोध्या नगरात राहणारी माझी भाची १ डिसेंबर २०२४ रोजी या परीक्षेला बसली. ७ डिसेंबरला निकाल लागला. क्रमांक असा, की भोपाळ तर दूरच, जबलपूरच्या धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचीही शाश्वती नव्हती. त्यातच उत्तरसूचीतील चुकांवरून प्रकरण न्यायालयात गेले. २० डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी दोन प्रश्नांच्या बाबतीत निकाल सुधारण्यास सांगितले, अपिले झाली, अन्य उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत दिल्लीकडे वर्ग केल्या, एप्रिलमध्ये खंडपीठाचा निर्णय आला आणि अखेर ७ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरफार करून वादावर पडदा टाकला. भावी वकिलांना न्यायालयीन विलंबाचा धडा प्रवेशापूर्वीच मिळाला म्हणायचा! सुधारित निकालानेही भाचीचे नशीब फारसे पालटले नाही. पुढची परीक्षा ७ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे 'वर्षभर थांबणे' हे प्रत्यक्षात अवघ्या सात महिन्यांच्या तयारीसाठी होते.

"मामा, तुम्ही नाही का दुसऱ्यांदा बसलात? मग मलाच का अडवता?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता. मी तिला अडवत नव्हतो. परंतु माझी परिस्थिती निराळी होती, हे तिला सांगणे आवश्यक होते. पीएमटीत जागा मिळाली नसती तर मी डॉक्टर झालोच नसतो. आजही नीटखेरीज एमबीबीएसला दुसरा दरवाजा नाही. कायद्याचे तसे नाही. बार कौन्सिलची मान्यता असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाची पदवी घ्या, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हा. वकिलीची सनद तीच आणि अंगावरचा काळा कोटही तोच. बारावीनंतरची पाच वर्षांची वाट चुकली, तर पदवीनंतरची तीन वर्षांची वाट मोकळीच असते. क्लॅटला वयाची कमाल मर्यादाही आता नाही.

येथे काही ज्येष्ठ मंडळी लगेच मोठी नावे पुढे करतात. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड पुण्याच्या आयएलएसचे. २०१२ मध्ये आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले आणि २०१९ ते २०२१ या काळात सरन्यायाधीश असलेले शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे. दाखले खरे आहेत, पण ही मंडळी शिकली तेव्हा राष्ट्रीय विधी विद्यापीठे अस्तित्वातच नव्हती. त्यांच्या नावाने आजच्या मुलीला गप्प बसवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या विधी कंपन्या निवडीसाठी प्रामुख्याने नामांकित विद्यापीठांच्या आवारातच येतात, हे वास्तव आहे. ज्याला तेथे जायचे आहे, त्याने एक वर्ष खर्ची घालणे समजण्यासारखे आहे.

म्हणून आम्ही आधी निदान केले. तिची उत्तरपत्रिका प्रश्नागणिक तपासली. कायदेविषयक तर्काचे उतारे तिने उत्तम सोडवले होते. चालू घडामोडींत मात्र अंदाजाने लिहून गुण घालवले होते, आणि शेवटचे काही उतारे वाचायलाच वेळ उरला नव्हता. हिंदी-मराठी वातावरणात वाढलेल्या मुलीचा इंग्रजी वाचनाचा वेग सात महिन्यांत सुधारू शकतो. त्यासाठी शिक्षण सोडून घरी बसण्याची गरज मला दिसली नाही. मग तिला विचारले, "तुला करायचे काय आहे?" ती म्हणाली, "कोर्टात उभे राहायचे आहे. जबलपूरला." उच्च न्यायालयाची मुख्य पीठ जबलपुरास, खंडपीठे इंदूर आणि ग्वाल्हेरला, राजधानी असूनही भोपाळच्या वाट्याला काही नाही. न्यायालयातील वकिलीत पहिली काही वर्षे ज्येष्ठांच्या हाताखालीच जातात आणि तेथे विद्यापीठाच्या नावाचे वजन हळूहळू ओसरते, असे माझ्या वकील स्नेह्यांचे सांगणे आहे.

खर्चाची बाजूही होतीच. मेहुणे भेलमधून नुकतेच निवृत्त झालेले. राष्ट्रीय विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन लाखांहून अधिक शुल्क, शिवाय वसतिगृह. शिकवणी वर्गाचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता वेगळा. बहीण मात्र मला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारत होती : "वर्ष वाया गेले आणि पुन्हा तसेच झाले तर हिचे मन कसे सावरायचे?" त्याला माझ्याजवळ औषध नव्हते.

अखेर निर्णय भाचीनेच घेतला. जुलैत तिने भोपाळमध्येच पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. रोज सकाळी दोन तास इंग्रजी वृत्तपत्र आणि उतारे. डिसेंबरची क्लॅट एकदाच द्यायची आणि जागा मिळाली तरच पहिले वर्ष सोडायचे. शिकवणी वर्ग नाही.

यंदा ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे, त्या सभासदांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्रातील विधी विद्यापीठांत तेथील रहिवाशांसाठी राखीव जागा असतात. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेनंतर नागपूरहून भोपाळला आलेल्या कुटुंबांची नातवंडे घरी कितीही शुद्ध मराठी बोलत असली, तरी त्या जागांच्या दृष्टीने ती परराज्यातलीच. याउलट भोपाळच्या एनएलआययूत मध्य प्रदेशच्या रहिवाशांसाठी काही जागा राखीव आहेत. त्यासाठी मूलनिवासी प्रमाणपत्र लागते. ते लोकसेवा केंद्रातून निकालाची वाट न पाहता अगोदरच काढून ठेवावे.