निवृत्तांची वसाहत आणि भिंतीपलीकडचा शेजार : छोटं अनुदान कसं काम करतं?



'समाज आणि आपण' या विषयात आपण कुटुंब, शेजार, ग्रामसभा, स्वयंसेवी संस्था हे घटक पाहिले. आज थोडा वेगळा घटक घेऊया. नोकरीतून निवृत्त झालेली माणसं एकत्र राहतात अशी एक वसाहत आहे. तिच्या भोवती साधी वस्ती आहे, शाळा आहे, बसथांबा आहे. या दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं असतं का? आणि असेल तर त्यात थोड्याशा पैशांचा, म्हणजे छोट्या अनुदानाचा, उपयोग काय?

हा विषय अमेरिकेत गेली साठ-पासष्ट वर्षं प्रत्यक्ष घडतो आहे. म्हणून उदाहरणं तिथलीच घेऊ. शेवटी आपल्याकडे वळू.

निवृत्तांची वसाहत म्हणजे काय?

वृद्धाश्रम आणि निवृत्तांची वसाहत यांत फरक आहे. वृद्धाश्रम म्हटलं की निराधार किंवा घरच्यांनी दूर केलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. निवृत्तांच्या वसाहतीत मात्र लोक स्वतः ठरवून, स्वतःच्या पैशाने राहायला जातात.

अमेरिकेत तिचे दोन ठळक प्रकार आहेत.

१) वयाची अट असलेलं गाव. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे ॲरिझोना राज्यातलं सन सिटी. १ जानेवारी १९६० रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. गोल्फची मैदानं, पोहण्याचे तलाव, छंदवर्ग सगळं होतं. लहान मुलांची शाळा मात्र नव्हती, कारण गावात मुलंच राहणार नव्हती.

२) आयुष्यभराची सोय असलेलं संकुल. इथे प्रवेशाच्या वेळी मोठी रक्कम आणि पुढे दरमहा शुल्क भरायचं. हातपाय चालतात तोवर स्वतंत्र घरात राहायचं, पुढे मदतीची गरज लागली की त्याच आवारातल्या मदतनीस असलेल्या विभागात, आणि शेवटी शुश्रूषा विभागात. अशी बरीच संकुलं ना-नफा संस्था चालवतात, त्यातल्या अनेक धार्मिक पंथांनी सुरू केलेल्या आहेत.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. आत सगळं मिळतं. जेवणघर आत, ग्रंथालय आत, दवाखाना आत, फिरायला बागही आत. मग बाहेर पडायचं कशाला? भिंत तयार होते ती इथेच. ती विटांची असेलच असं नाही.

भिंत उभी राहिली की काय होतं?

सन सिटीचंच पाहा. अमेरिकेत सरकारी शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. नवीन इमारत बांधायची तर शाळा-जिल्हा कर्जरोखे काढायचा प्रस्ताव मांडतो, त्यावर मतदान होतं, आणि ते कर्ज फेडायला सगळ्यांचा कर वाढतो.

सन सिटी शेजारच्या पिओरिया गावाच्या शाळा-जिल्ह्यात मोडत होतं. निवृत्त मतदारांची संख्या मोठी. "आमची मुलं तर कधीच मोठी झाली, मग आम्ही कर का भरायचा?" असा त्यांचा सवाल. शाळांसाठीचे कर्जरोख्यांचे प्रस्ताव मतदानात वारंवार फेटाळले गेले. इकडे पिओरियातल्या वर्गांत मुलं वाढत होती. अखेर १९७० च्या दशकात सन सिटी त्या शाळा-जिल्ह्यातून वगळण्यात आलं.

आता यात दोष कुणाचा? ठरावीक पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला वाढता कर जड जातो, हे खरंच. आणि पिओरियाच्या मुलांना वर्गखोल्या हव्या होत्या, हेही खरं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या दोन बाजूंनी एकमेकांना पाहिलं ते फक्त मतपत्रिकेवर. ज्या शाळेत आपण कधी पाऊल टाकलं नाही, जिथल्या एकाही मुलाचं नाव आपल्याला माहीत नाही, तिच्यासाठी कर भरणं कुणाला आवडेल?

कायदा काय विचारतो?

ना-नफा संकुलांना करात सवलत मिळते. मग शेजारचे करदाते साहजिकच विचारतात, "या संकुलासाठी रस्ता आमचा, अग्निशमन दल आमचं, आणि कर मात्र माफ. बदल्यात आम्हांला काय?"

पेनसिल्व्हेनिया राज्यात या प्रश्नाचं उत्तर न्यायालयाने १९८५ मध्ये पाच कसोट्यांच्या रूपात दिलं. पुढे १९९७ मध्ये त्यावर कायदाही झाला. सोप्या भाषेत त्या कसोट्या अशा :

• संस्थेचा हेतू सेवाभावी असावा.
• सेवेचा बराचसा भाग तिने विनामूल्य द्यावा.
• ज्यांना खरोखर मदतीची गरज आहे अशा मोठ्या, अनिश्चित समूहाला तिचा लाभ व्हावा.
• सरकारचा काही भार तिने हलका करावा.
• तिचा खासगी नफ्याचा उद्देश नसावा.

तिसरी कसोटी पुन्हा वाचा. 'अनिश्चित समूह' म्हणजे फक्त आपले सभासद नव्हेत. म्हणजे शेजाऱ्यांसाठी काही करणं ही निव्वळ दया नाही, ती सवलतीच्या बदल्यातली जबाबदारी आहे. अर्थात छोट्या अनुदानाने या कसोट्या आपोआप पूर्ण होत नाहीत. पण संस्थेची नजर भिंतीबाहेर वळते ती अशाच प्रश्नांमुळे.

छोटं अनुदान म्हणजे नेमकं काय?

देणगी आणि अनुदान यांत आपण गल्लत करतो. देणगी दिली की देणारा मोकळा. अनुदान ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी असतं आणि त्याचा हिशोब द्यावा लागतो.

छोटं अनुदान म्हणजे साधारण काहीशे ते काही हजार डॉलर. ते कुठून येतं?

• रहिवाशांच्या समितीचा स्वतःचा निधी. जुन्या वस्तूंची विक्री, वर्गणी, मृत्युपत्रातून आलेली रक्कम.
• संकुल चालवणाऱ्या संस्थेचा धर्मादाय निधी.
• बाहेरच्या संस्था. उदाहरणार्थ, ज्येष्ठांची 'एएआरपी' ही अमेरिकेतली मोठी संघटना २०१७ पासून दरवर्षी वस्ती सुधारण्यासाठी अनुदानं देते. बाक, बसथांब्यावरची सावली, सुरक्षित रस्ता ओलांडणं, सामूहिक बाग अशी काही महिन्यांत पुरी होणारी कामं त्यात असतात. हे पैसे व्यक्तीला नाही, ना-नफा संस्थेला किंवा स्थानिक प्रशासनाला मिळतात.

आता मुख्य मुद्दा. इतक्या थोड्या पैशांत होणार काय? याचं उत्तर सिॲटल शहराने चांगलं दिलंय. तिथल्या महापालिकेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस वस्त्यांसाठी 'जोड निधी' सुरू केला. नियम असा की महापालिका पैसे देईल, पण वस्तीनेही आपला वाटा जोडायचा. तो रोखच हवा असं नाही. श्रमदानाचे तासही चालतात आणि दर तासाला ठरावीक रक्कम धरून त्यांची किंमत मोजली जाते.

हे गणित आपण एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका संकुलातले १२ रहिवासी शेजारच्या प्राथमिक शाळेत मुलांसोबत वाचायला जातात. आठवड्याला २ तास, वर्षातले ३० आठवडे.

१२ × २ × ३० = ७२० तास.
तासाला ३० डॉलर धरले तर ७२० × ३० = २१,६०० डॉलर.

आणि रोख अनुदान? समजा ३,००० डॉलर. त्यातून काय घ्यायचं? पुस्तकं, शाळेपर्यंतच्या गाडीचं भाडं, स्वयंसेवकांची पूर्वतपासणी आणि प्रशिक्षण.

बघा हं, वेळ आणि अनुभव या दोन गोष्टी निवृत्तांकडे भरपूर आहेत, त्या विकत घ्याव्या लागत नाहीत. पण गुडघे दुखणाऱ्या आजींना शाळेपर्यंत नेणारी गाडी श्रमदानातून येत नाही. वेळेने जे विकत घेता येत नाही तेवढंच छोट्या अनुदानाने घ्यायचं. या धड्यातलं हे सूत्र वहीत लिहून ठेवा.

प्रत्यक्षातली तीन उदाहरणं

पहिलं, संकुलाच्या जेवणघरातलं. अमेरिकेतल्या अनेक संकुलांत संध्याकाळी ताटं वाढणारी मुलं-मुली जवळच्याच माध्यमिक शाळेतली असतात. कर्मचाऱ्यांना बक्षिसी द्यायला तिथे बहुधा मनाई असते. मग रहिवासी वर्षभर एका निधीत पैसे टाकतात आणि त्यातून या मुलांना कॉलेजसाठी छोट्या शिष्यवृत्त्या देतात. शेजारी दूर कुठे शोधायला नको, तो आपल्या ताटात वाढतोय.

दुसरं, सिॲटलमधलंच. तिथल्या 'प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंट' या ज्येष्ठांच्या निवासात १९९१ पासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं पाळणाघर आणि बालवाडी चालते. मुलं आणि आजी-आजोबा एकाच इमारतीत गाणी म्हणतात, चित्रं काढतात. हे काम छोट्या अनुदानाएवढं लहान नाही. पण जागा दिली की भिंत कशी विरघळते ते यातून कळतं.

तिसरं, 'एक्सपीरियन्स कोअर'. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या या उपक्रमात साठीपुढची माणसं प्राथमिक शाळेत जाऊन मुलांना वाचायला मदत करू लागली. बाल्टिमोर शहरात तर आठवड्याला पंधरा तास, तेही छोट्याशा मानधनावर. हे ज्येष्ठ निवृत्तांच्या वसाहतीतले नव्हते, शहरातल्याच वस्त्यांमधले होते. तिथल्या सुरुवातीच्या अभ्यासात दिसलं की स्वयंसेवकांची हालचाल वाढली आणि अडीअडचणीला हाक मारता येईल अशी माणसंही वाढली. म्हणजे फायदा फक्त मुलांचा नाही.

बी.एड. करणाऱ्या मित्रांना इथे एरिक एरिक्सन आठवेल. व्यक्तिविकासाच्या त्याच्या आठ अवस्थांपैकी सातवी म्हणजे पुढच्या पिढीसाठी काही करण्याची ओढ, आणि ती पुरी झाली नाही तर येणारं साचलेपण. एरिक्सनने ती मध्यमवयाशी जोडली. पण साठीनंतर ती ओढ काही संपत नाही. तिला वाट मात्र लागते.

अनुदान कुठे फसतं?

१) काम आतल्या बैठकीत ठरतं. शेजाऱ्यांना हवा असतो रस्त्यावरचा दिवा आणि त्यांना मिळतात फुलझाडं. म्हणून आधी विचारायचं आणि निवड समितीत शेजारच्या वस्तीतली माणसं घ्यायची.

२) एका वर्षानंतर पैसे संपतात. वाचायला येणारे आजोबा अचानक यायचे बंद होतात. मुलाला ते कसं वाटेल? म्हणून अनुदान मागतानाच 'पुढच्या वर्षी काय?' याचं उत्तर लिहायला हवं.

३) कागदपत्रं कामापेक्षा जड होतात. थोड्या रकमेसाठी वीस पानी अर्ज असेल तर छोटी वस्ती अर्जच करत नाही.

४) फोटो काढला, बातमी आली, काम संपलं. देणारा वर आणि घेणारा खाली राहिला, तर भिंत होती तिथेच राहते. शेजाऱ्यालाही काही देता आलं पाहिजे. मुलांनी आजोबांना मोबाइल शिकवला तर तोही हिशोबात धरायचा वाटाच आहे.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत. पुण्यात 'अथश्री'सारखे खास ज्येष्ठांसाठी बांधलेले गृहप्रकल्पही आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, परिचारिका, अभियंते यांचा किती अनुभव एकेका इमारतीत साठलेला असतो! आणि तिथेच धुणीभांडी करायला, रात्री पहारा द्यायला येणारी माणसं बहुधा जवळच्याच वस्तीतली असतात. त्यांच्या मुलीला दहावीचं गणित अडलं असेल, तर ते शिकवू शकणारे सर दुसऱ्या मजल्यावर असू शकतात. मधे कमी काय आहे? एक खोली, चार वह्या, एक फळा आणि कुणीतरी पहिल्यांदा विचारणं. यातलं विचारणं सोडलं तर बाकी सगळं छोट्या निधीत बसतं.

स्वाध्याय

१) देणगी आणि अनुदान यांतला फरक दोन उदाहरणं देऊन सांगा.
२) सन सिटीचे रहिवासी आणि पिओरियाचे पालक अशा दोन बाजू घेऊन वर्गात चर्चा घ्या. प्रत्येकाने नंतर बाजू बदलून बोलायचं.
३) तुमच्या शाळेजवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाला भेट द्या. तिथल्या तीन जणांना विचारा : तुम्हांला काय शिकवता येईल? आणि तुम्हांला काय शिकायला आवडेल?
४) मिळालेल्या उत्तरांवरून एका पानाचा प्रस्ताव लिहा. एका बाजूला श्रमदानाचे तास मांडा, दुसऱ्या बाजूला फक्त त्या वस्तू, ज्या वेळेने विकत घेता येत नाहीत. पुढच्या वर्षी काम कसं चालू राहील तेही लिहा.

चौथ्या प्रश्नाचे चांगले प्रस्ताव वहीतच ठेवू नका. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ते त्या संघाच्या सचिवांना नेऊन द्या.