काळ्या दगडाचे मूळ घर

आपल्या माळव्याचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसातून घडला. त्याचा तप्त स्रोत आज हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपली भूमी उत्तरेकडे सरकली, स्रोत मागेच राहिला.

या बेटावर सहलीस गेल्यास प्रथम पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी पाहावा. पहाटेच निघावे, उशिरा ढग सारे झाकतात. कडा उतरून, दगडांवरील पांढऱ्या खुणा धरून विवराकडे चालत जायचे. पाच-सहा तास लागतात. पाणी व गरम कपडे हवेतच. उद्रेकाची चिन्हे दिसताच वाट बंद करतात, तेव्हा हट्ट करू नये. सेंट रोझ भागात १९७७ साली लाव्हा एका चर्चच्या उंबरठ्याशी थिजला. तेही चुकवू नये. समुद्रस्नान मात्र प्रवाळाच्या आतील उथळ पाण्यातच करावे, बाहेर शार्क असतात.

खर्च सर्वांना झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यांनी पावसाळ्यात महूजवळचे पातालपाणी पाहावे. तेथील कडा याच दगडाचा आहे.