रायगड किनारपट्टीवरील घरगुती उपचार आणि विंचू ‘उतरविणे’

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर उरणपासून श्रीवर्धनपर्यंत घरगुती औषधांची परंपरा आजही टिकून आहे. अंगावर पित्त उठल्यास आमसुलाचे पाणी लावले जाते, टाचांच्या भेगांवर कोकमाचे तेल चोळले जाते, पोटदुखीवर ओवा व सर्दीवर गवती चहाचा काढा दिला जातो. या तक्रारी किरकोळ असल्याने अशा उपचारांनी आराम पडतो. न पडला तरी सहसा हानी होत नाही. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. विंचूदंशाची गोष्ट मात्र वेगळी होय.

विंचू चावला की तो मंत्राने अथवा पाल्याचा रस लावून ‘उतरविला’ जातो. उतरल्याची खूण एकच, ती म्हणजे वेदना थांबणे. ही खूणच फसवी आहे. लाल विंचवाच्या विषामुळे ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि अखेरीस फुफ्फुसांत पाणी साचते. उलट्या, दरदरून घाम व हातपाय गार पडणे ही त्याची पूर्वलक्षणे होत. अशा गंभीर रुग्णांत दंशाच्या जागी वेदना पुष्कळदा सौम्यच असते. याउलट ज्याला असह्य ठणका लागतो, त्याची विषबाधा बहुधा त्या जागेपुरतीच राहते व तो आपोआप बरा होतो. मांत्रिकाची कीर्ती या दुसऱ्या रुग्णावर उभी आहे. पहिल्याच्या बाबतीत वेदना नाही म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि वेळ निघून जाते.

या प्रश्नाचा उलगडा रायगडातच झाला, हे विशेष. किनाऱ्यापासून आत, सावित्रीच्या खोऱ्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये रुजू झाले. गंभीर विंचूदंशाच्या लक्षणांविषयीचे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीने आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात, हे त्यांनी १९८६ मध्ये मांडले. गंभीर रुग्णांत ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर त्यानंतर १ टक्क्यापर्यंत खाली आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

महाड येथेच ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासात प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे आढळले. प्रतिविष मात्र रक्तात मोकळ्या असलेल्या विषालाच निष्प्रभ करते. त्यामुळे मांत्रिकाच्या ओसरीवर गेलेले तास येथेही मोजावे लागतात.