वाळूपासून चुंबकापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात लोणारला गेलात, तर मोठ्या मारुतीच्या देवळात होकायंत्राची सुई कशी चळते ते वाटाडे कौतुकानं दाखवतात. उल्केचा तुकडा, असंही सांगतात. सुई चळवायला दख्खनच्या काळ्या बेसॉल्टातलं मॅग्नेटाइटही पुरतं. विजेवरच्या गाडीची मोटर मात्र त्यावर फिरत नाही. तिला निओडिमियमचं चुंबक लागतं, आणि असली मूलद्रव्यं काढणारी सरकारी कंपनी १९५०पासून आहे. तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला, थेट सिद्धिविनायकासमोर: इंडियन रेअर अर्थ्स, आताची आयआरईएल. दर्शनाच्या रांगेतल्या किती जणांना त्या पाटीचा पत्ता असेल, देव जाणे.

कच्चा माल म्हणजे केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरची जड वाळू. तिच्यातला मोनाझाइट निवडून गरम कॉस्टिक सोड्यात शिजवतात, उरलेला साका हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात. सोबत थोरियम निघतं, म्हणून कारभार अणुऊर्जा विभागाकडे. चिकाटीचं काम यापुढे. निओडिमियमच्या गटातली ही मूलद्रव्यं सख्ख्या भावंडांसारखी. एकाला हाक मारली की सगळीच येतात. मग मिक्सर-सेटलर टाक्यांच्या लांबलचक ओळीत आम्ल एका दिशेनं आणि केरोसिनमध्ये मिसळलेलं सेंद्रिय द्रावक उलट दिशेनं सोडतात. घुसळायचं, निवळू द्यायचं, पुढच्या टाकीत ढकलायचं. एका टाकीत फरक नावापुरता पडतो. शेकडो टाक्यांनंतर निओडिमियम सुटं होतं आणि शेवटी भट्टीतून त्याच्या ऑक्साइडची फिकट जांभळट पूड निघते.

केरळातल्या आलुव्याला मोनाझाइट १९५२मध्येच शिजू लागला. रखडलं ते पुढचं: ऑक्साइडचा धातू, धातूचा मिश्रधातू, त्याची काही मायक्रॉनची पूड, चुंबकीय क्षेत्रात दाबलेली वडी, मग हजार अंशांवरची भट्टी. ही पूड हवेत पेट घेते, त्यामुळे सगळं नायट्रोजन किंवा आरगॉनमध्ये चालतं.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर विशाखापट्टणमला उभारलेला सॅमेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना मे २०२३मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. क्षमता वर्षाला ३,००० किलो. तापल्यावरही ताकद टिकवणारं हे चुंबक संरक्षण आणि अवकाशाच्या कामाचं. गाड्यांच्या गरजेपुढे हा आकडा किरकोळ. एप्रिल २०२५मध्ये चीननं चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि आपल्या वाहन उद्योगाची तारांबळ उडाली. नोव्हेंबरात केंद्रानं ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. लक्ष्य वर्षाला ६,००० टनांच्या क्षमतेचं. पैशाची सोय झाली, पण मला खरी अडचण दिसते ती डिस्प्रोशियमची. तापलेल्या मोटरमध्ये निओडिमियमच्या चुंबकाला तग धरायला तेच लागतं, आणि आपल्या मोनाझाइटमध्ये ते अगदीच थोडं आहे.