ठिणगीविना इंजिन आणि त्याची सुई

मोटारसायकलच्या इंजिनात ठिणगी पडते, आणि ती नेमकी कोणत्या क्षणी पडायची हे आधीच बांधून दिलेलं असतं. रेडिओने उडवायच्या छोट्या विमानांत गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षं जे ‘ग्लो’ इंजिन वापरलं जातं, त्यात ठिणगी नाही, कॉइल नाही, मॅग्नेटोही नाही. सिलिंडरच्या माथ्यावर एक प्लग असतो आणि त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या बारीक तारेचं वेटोळं. सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावून ते वेटोळं लाल करायचं. इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. तार मात्र लालच राहते आणि टाकीतलं इंधन संपेपर्यंत इंजिन तिच्यावर चालतं.

तार लाल का राहते, याचं उत्तर विमानांहून खूप जुनं आहे. खाणकामगारांच्या दिव्यावर काम करत असताना हम्फ्री डेव्ही यांना १८१७ साली दिसलं, की तापलेली प्लॅटिनमची तार कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली तर ज्वाळेविनाच धगधगत राहते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर वायूचं ज्वलन घडत राहतं आणि त्याची उष्णता तारेला मिळत राहते. प्लॅटिनम स्वतः खर्च होत नाही. मिथेनॉलच्या वाफेबरोबर हेच घडतं, आणि त्याला दर फेरीतल्या स्फोटाच्या नि हवा दाबली जाताना होणाऱ्या उष्णतेची जोड मिळते. अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी १९४७ साली असा प्लग बाजारात आणला आणि विमानातलं कॉइल, कन्डेन्सर, बॅटरी हे सगळं ओझं एका दिवसात निरुपयोगी झालं. त्याआधी छोट्या विमानाचा बराचसा जीव स्वतःची ठिणगी वाहून नेण्यातच खर्च होत असे.

पण ठिणगीबरोबर ठिणगीची वेळही गेली. मिश्रण कधी पेटायचं हे आता तारेच्या तापमानावर ठरतं. तार जास्त तापली की मिश्रण लवकर पेटतं. लवकर पेटलं की सिलिंडर जास्त तापतो, आणि सिलिंडर तापला की तार आणखी तापते. या चक्राला लगाम घालणारी एकच गोष्ट इंजिनात आहे: आत येणाऱ्या इंधनाचं प्रमाण. ते ठरवणारी कार्ब्युरेटरची सुई म्हणजे टोकाला निमुळती होत गेलेली, सुतळीहून बारीक पोलादी काडी.

मिथेनॉलची तऱ्हा इथे समजून घ्यायला हवी. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून अधिक इंधन ओतावं लागतं. शिवाय द्रवाची वाफ होताना मिथेनॉल पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषून घेतं. त्यामुळे या इंजिनात इंधनच बऱ्याच अंशी थंडावा पुरवतं. वंगणही त्यातूनच येतं, कारण दोन-स्ट्रोक इंजिनाला वेगळी तेलाची टाकी नाही. साधारण अठरा ते वीस टक्के तेल मिथेनॉलमध्येच मिसळलेलं असतं. आता सुई थोडी जास्त आवळली गेली तर काय होईल ते पाहा. थंडावा कमी, तेल कमी आणि पेटण्याची वेळ अलीकडे, असे तीन आघात एकाच वेळी होतात. रिच, म्हणजे इंधन जास्त असलेलं इंजिन धूर सोडतं, गुरगुरतं आणि फार तर बंद पडतं. लीन, म्हणजे इंधनाला उपाशी असलेलं इंजिन काही क्षण अतिशय सुरेख पळतं. नवशिका फसतो तो त्या सुरेखपणाला.

तेलाबद्दल थोडं. जुने लोक अजूनही एरंडेलाचा आग्रह धरतात आणि तो निव्वळ हळवेपणा नाही. एरंडेल मिथेनॉलमध्ये सहज विरघळतं, आणि कृत्रिम तेलं जळून जातात तिथेही धातूवर चिकट थर धरून राहतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांनाही हेच तेल लागे. जगातलं सर्वाधिक एरंडेल आज भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत होतं. लहानपणी पोट साफ करायला नाक दाबून जे घ्यावं लागे, त्याचाच जळका गोड वास मैदानावर आला की आमच्या वयाच्या माणसांना वेगळं काही आठवत नाही असं नाही. त्याचा दोष एवढाच, की ते भाजून पिस्टनवर तपकिरी वार्निश चढवतं. म्हणून बरेच जण थोडं एरंडेल आणि बाकी कृत्रिम तेल असा तह करतात. इंधनात पाच ते पंधरा टक्के नायट्रोमीथेनही घालतात. त्याच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे ताकद वाढते आणि मंद गतीत इंजिन स्थिर राहतं. पण ते अपरिहार्य नाही. नियंत्रक तारांवर उडणाऱ्या वेगवान विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर ऐंशी भाग मिथेनॉल आणि वीस भाग एरंडेल, बस.

आता सुई लावायची कशी? उदाहरणादाखल ०.४६ घनइंचाचं, म्हणजे सुमारे साडेसात सीसीचं इंजिन घेऊ. शिकाऊ विमानांवर हेच माप जास्त दिसतं. सुई पूर्ण बंद करून दोन-अडीच फेरे उघडायची, इंजिन सुरू करायचं, थोडं तापू द्यायचं, थ्रॉटल पूर्ण उघडायचं आणि मग ऐकायचं. मला हे यंत्र एनसीसीच्या हवाई विभागात प्रथम भेटलं. तिथे टॅकोमीटर नव्हता, कान होता. पुढे हार्मोनियम शिकू लागल्यावर त्या कानाला नावं मिळाली.

दोन-स्ट्रोक इंजिन दर फेरीला एकदा पेटतं. मिनिटाला बारा हजार फेरे म्हणजे सेकंदाला दोनशे स्फोट, आणि सेकंदाला दोनशे कंपनं म्हणजे जवळपास पांढरी पाचचा षड्ज. मिश्रण फार रिच असलं की आधीच्या फेरीचा धूर आणि ओलावा यांमुळे एक फेरी वाया जाते आणि इंजिन एकाआड एक फेरीला पेटतं. सेकंदाला शंभर स्फोट झाले की स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. मैदानावर याला ‘फोर-सायकल होतंय’ म्हणतात. सुई हळूहळू आवळत नेली की इंजिन खालच्या आणि वरच्या षड्जात घुटमळतं आणि मग एकदम वरच्या षड्जावर जाऊन बसतं. हा क्षण एकदा कानात बसला की आयुष्यभर पुरतो. तिथून पुढे एकेक खटका आवळत गेलं की स्वर थोडा चढतो, मग चढायचा थांबतो. ते शिखर. आणखी आवळलं की स्वर मलूल होऊन उतरू लागतो. तिथे जायचं नसतं. शिखर सापडलं की सुई उलटी फिरवून दोन-तीनशे फेरे सोडून द्यायचे. बारा हजारांत तीनशे म्हणजे अडीच टक्के. हे अर्ध्या सुराच्याही निम्म्याहून कमी, श्रुतीच्या भाषेत फार तर एक श्रुती. एवढ्या उतरलेल्या स्वरावर इंजिनाचं आयुष्य अवलंबून असतं.

ती श्रुती सोडायची, कारण जमिनीवरचं इंजिन आणि आकाशातलं इंजिन सारखं नसतं. हवेत प्रॉपेलरवरचा भार हलका होतो, फेरे वाढतात आणि भूक वाढते. विमान सरळ वर चढू लागलं की टाकी कार्ब्युरेटरच्या खाली जाते आणि इंधनाला तेवढी उंची चढून यावं लागतं. म्हणून पूर्ण थ्रॉटलवर विमान घट्ट धरून त्याचं नाक आकाशाकडे करून पाहतात. स्वर किंचित चढला तर ठीक. ढासळू लागला तर सुई उघडायची. हे करताना आणि सुई फिरवतानाही प्रॉपेलरच्या मागे उभं राहायचं, बाजूला किंवा पुढे नाही. अकरा इंची प्रॉपेलरचं टोक बारा हजार फेऱ्यांना ताशी सहाशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असतं.

मुख्य सुई झाल्यावरच मंद गतीच्या स्क्रूला हात लावायचा. हा क्रम उलटा केला की दिवस वाया जातो. इंजिन मंद चालू ठेवून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी चिमटीत दाबायची. लगेच बंद पडलं तर मंद गतीत ते लीन आहे. बराच वेळ चालून फेरे खूप वाढले तर रिच. दोन-तीन सेकंदांत फेरे थोडे चढून मग बंद पडलं, तर बरोबर. थ्रॉटल झटकन उघडल्यावर धूर काढत, खाकरत वेग घेणारं इंजिन रिच असतं. काहीही न बोलता गप्प होणारं लीन.

हवामानाचा हिशेब आपल्याकडे फार लागतो. पुण्याच्या बाहेर डिसेंबरच्या पहाटे बारा अंश असतात आणि मे महिन्याच्या दुपारी चाळीस. या दोन हवांच्या घनतेत नऊ टक्के फरक पडतो. थंडीतली दाट हवा जास्त इंधन मागते, उन्हाळ्यातली विरळ हवा कमी. मुंबईत लावलेली सुई महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, रिच वाटणारच. पण मे महिन्यात हिशेबाइतकी सुई आवळू नये, असं माझं मत आहे. हवा तापलेली असताना इंजिनाला बाहेरून मिळणारा थंडावाही कमी असतो.

बिघाडाच्या बाबतीत इतक्या वर्षांत माझा एक पक्का समज झाला आहे: इंजिन बंद पडतं तेव्हा बहुतेक वेळा दोष इंजिनात नसतो. आधी प्लग पाहावा. तारेचा चकचकीतपणा जाऊन ती पांढुरकी, खडबडीत झाली असेल किंवा वेटोळं वाकलं असेल तर तो बदलावा. बॅटरी काढताक्षणी फेरे पडत असतील तर प्लग थकला आहे किंवा मंद गती रिच आहे. त्यानंतर इंधनाची वाट पाहावी, टाकीपासून सुईपर्यंत.

काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा मैदानावर यायचा. विमान दुसऱ्याकडून घेतलेलं, इंजिन शिकवणीच्या पैशांतून. दर उड्डाणाला चौथ्या-पाचव्या मिनिटाला इंजिन हवेतच बंद पडे आणि तो ते जमेल तसं तरंगत खाली आणी. एकदा बाभळीत गेलं. त्याने तीन प्लग बदलले होते, कार्ब्युरेटर उघडून धुतला होता आणि आता बेअरिंग काढायच्या बेतात होता. आणखी एका पडझडीत विमान संपलं असतं, आणि दुसरं घेण्याची त्याची ऐपत नव्हती.

“काका, टाकी तर दर वेळी अर्धी भरलेली असते,” तो म्हणाला.

त्या वाक्यातच उत्तर होतं. विमान खुंटीला बांधलं, इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ठेवलं आणि दोघं पारदर्शक नळीकडे बघत बसलो. सुरुवातीला इंधन काचेसारखं स्वच्छ येत होतं. कंपनांनी टाकीत फेस होत असता तर बुडबुडे पहिल्यापासून दिसले असते. टाकी अर्ध्यावर आली आणि नळीत बुडबुड्यांची माळ सुरू झाली. स्वर चढला, मग इंजिन बंद. टाकी काढून पाण्यात धरून फुंकली, बाहेर कुठे गळती नाही. मग झाकण उघडलं. टाकीच्या आत एक लवचिक सिलिकॉनची नळी असते आणि तिच्या टोकाला वजन, म्हणजे विमान कसंही वळलं तरी नळीचं तोंड इंधनात राहतं. ही नळी वरच्या पितळी पाइपावर चढवतात. पाइपाची कापलेली कड घासलेली नव्हती आणि तिने सिलिकॉनला नखाएवढी चीर पाडली होती. चीर इंधनात बुडालेली असेपर्यंत काही बिघडत नव्हतं. पातळी तिच्या खाली गेली की इंजिन हवा पिऊ लागे. कड कानशीने घासली, बोटभर नवी नळी लावली. त्या दिवशी त्याने टाकी रिकामी होईपर्यंत उडवलं.

नवीन इंजिन जॅम आहे म्हणून परत करणारेही भेटतात. अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेलं पितळी लायनर असलेल्या इंजिनात लायनर वरच्या बाजूला मुद्दाम अरुंद ठेवलेलं असतं. थंड असताना पिस्टन तिथे अडकल्यासारखा वाटतो. तापल्यावर पितळ जास्त प्रसरण पावतं आणि जोडी जुळते. म्हणूनच अशा इंजिनाला सुरुवातीचे दिवस अतिरिच, थंड चालवत ठेवू नये. लायनर फुलतच नाही आणि पिस्टन नाहक झिजतो. रिंगवाल्या इंजिनाची गोष्ट वेगळी, त्याला सुरुवातीचा ओलेपणा मानवतो.

मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा महिनाभरात बिघडतो. शिवाय ते विष आहे. मालाडच्या मालवणीत २०१५ साली मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली. विष म्हणून त्याच्या विक्रीवर कायद्याचं नियंत्रण आहे आणि ते असायलाच हवं. इंधन पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये, तोंडाने नळीतून ओढू नये, हाताला लागलं तर धुवावं. पेटलं तर भर उन्हात त्याची ज्वाळा दिसत नाही. फक्त हवा थरथरताना दिसते आणि मग हाताला कळतं.

दिवसाच्या शेवटी नळी चिमटीत धरून इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवावं. आत उरलेलं मिथेनॉल आणि नायट्रोमीथेनच्या ज्वलनातून आलेलं आम्ल रात्रभरात बेअरिंगवर गंज धरतं, मुंबईत तर नक्कीच. टाकी उलटी करून रिकामी करायची. प्लग काढून त्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून तेलाचे चार-पाच थेंब सोडायचे, प्रॉपेलर हाताने दहा-बारा वेळा फिरवायचा आणि फिरवताना बोटांना काही खरखर लागते का ते पाहायचं.