स्थलांतराची बातमी कशी शोधतात

राजकारण, गुन्हे, क्रीडा यांना वृत्तपत्रात स्वतंत्र बातमीदार असतो. लोकसंख्या आणि स्थलांतर हे बीट बहुधा कोणाच्याच नावावर नसतं. ज्याला गोडी लागते तो ते ओढून घेतो. त्याची पहिली शाळा म्हणजे जनगणनेचे ‘डी’ मालिकेतले, स्थलांतराचे तक्ते.

२०११च्या तक्त्यांनुसार आधीचा मुक्काम दुसऱ्या गावी असलेले लोक देशात सुमारे ४५ कोटी. नवखा इथेच मथळा काढून मोकळा होतो. जाणता कारणांच्या रकान्यापर्यंत जातो. या ४५ कोटींत सुमारे दोनतृतीयांश बायका आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण लग्न. सासरी गेलेली लेक आणि पोटासाठी शहर गाठलेला तरुण एकाच बेरजेत बसलेत.

जिल्ह्याचे आकडे जास्त बोलके. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून १६.१५ लाखांवर उतरली. पण ‘सगळे मुंबईला गेले’ असं लिहिण्याआधी थांबावं, कारण त्याच दशकात मुंबई शहर जिल्हाही घटला. तेव्हाचा ठाणे जिल्हा मात्र १ कोटी १० लाखांवर गेला.

खरी मेख तारखेत आहे. २०११ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. बीडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप आटोपल्यावर, मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे मोजणीवाला दारात आला तेव्हा घराला कुलूप. नियमाने त्यांची नोंद कारखान्याच्या शिवारातल्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, व्हायला हवी. तिथवर कोण पोचलं, हे तक्ता सांगत नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च २०२७, पुन्हा ऐन हंगामात.

मग हे लोक मोजायचे कसे? टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयत्यांचा आकडा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, तेव्हा तो दुप्पट करायचा. पोरं त्यात नसतातच. त्यांच्यासाठी जिल्हा परिषद शाळेचा हजेरीपट उघडावा. दिवाळीनंतर कुठली नावं सलग गैरहजर आहेत, ते दिसतं. हंगामी वसतिगृहात किती राहिली, तेही विचारावं. पत्रकार पी. साईनाथांनी तेलंगणातल्या महबूबनगरहून मुंबईला सुटणाऱ्या बसगाड्या मोजल्या होत्या: १९९३ साली आठवड्याला एक, दहा वर्षांत तिसाच्या वर. असला पुरावा कुठल्याही डेपोत मिळतो, फक्त तिथे जावं लागतं.

शेवटी गाठ माणसाशी. ‘स्थलांतर का करता?’ या प्रश्नाला ‘काम न्हाई इथं’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा यंदा उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, मागची किती फिटली, पोरं कुणापाशी ठेवली, हे विचारलं की बाई सविस्तर बोलते. उचलीचा हिशेब मात्र हंगाम संपून गावी परतल्यावर विचारावा. निघताना मुकादम शेजारीच उभा असतो.