बिडी सोडण्याआधीचे आठ-पंधरा दिवस

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही बांधीवर जा. दुपारचं जेवण आटोपलं की धुऱ्यावर टेकलेल्या बाप्यांपैकी कोणीतरी खिशातून बिडीचा कट्टा काढतो. तो एकट्यासाठी काढत नाही. आधी शेजाऱ्यापुढे करतो, मग पलीकडच्यापुढे, आणि एकाच काडीवर तीन बिड्या पेटतात. नको म्हणणाऱ्याला ‘काहून गा, तब्येत बरी नाही का?’ असं विचारलं जातं. लग्नाच्या मांडवात, मयतीच्या घरी, दिवाळीनंतरच्या मंडईत, झाडीपट्टीच्या नाटकाच्या मध्यंतरात बिडी अशीच हातातून हातात जाते. म्हणून इथल्या माणसाने बिडी सोडायची ठरवली की त्याला दिवसातून आठ-दहा वेळा आपुलकीने पुढे आलेला हात परतवावा लागतो. जोर लागतो तो इथे. हे एकट्याच्या निर्धाराने जमेल असं धरून चालणाऱ्यांची बिडी बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत परत पेटते.

बिडी या जिल्ह्याला परकी नाही. तिचं पान इथल्याच जंगलातलं. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत मे महिन्याच्या उन्हात माणसं पहाटेच तेंदूपत्ता तोडायला निघतात, घरी आणून सावलीत पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पत्त्याच्या संकलन केंद्रावर, नेतात. गोंदिया शहर वाढलं ते धानाच्या गिरण्या आणि बिडी या दोन धंद्यांवर. १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढणारे मनोहरभाई पटेल बिडी उद्योजकच होते. अंगणात बसून बिड्या वळणाऱ्या बायांच्या मजुरीवर कित्येक घरांच्या पोरांची वह्या-पुस्तकं आली. अशा ठिकाणी बिडीला नुसते शिव्याशाप देऊन कोणी ऐकत नाही, आणि का ऐकावं? सोडायची ती ओढण्याची सवय. ज्या हातांनी बिडी वळली त्यांच्याबद्दल वाकडं बोलायचं काहीच कारण नाही.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर जी तंबाखूमुक्ती केंद्रं चालतात, तिथलं काम पाहिलं की तयारी म्हणजे काय ते समजतं. साठीकडे झुकलेला एखादा शेतकरी खोकला घेऊन दवाखान्यात येतो. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलेला असेल तर आधी थुंकी तपासायला पाठवतात, कारण धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो. मग समुपदेशकासमोर बसवतात. पहिलाच प्रश्न असतो, “काकाजी, सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने पेटवता?” उत्तर येतं, “उठल्याबरोबर जी. त्याशिवाय पोटच साफ होत नाही.” हा प्रश्न वरवरचा नाही. उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली बिडी लागत असेल तर शरीर निकोटिनवर फार विसंबलेलं आहे असं धरतात आणि नुसत्या सल्ल्यावर न थांबता औषधाचा विचार करतात. रात्रभराच्या झोपेत रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं. दर दोन तासांनी ते निम्मं होत जातं. पहाटेची तलफ ही त्या उतरणीची हाक असते.

काही केंद्रांत हातात मावेल असं एक छोटं यंत्र असतं. खोल श्वास घ्यायचा, काही सेकंद रोखायचा आणि नळीत सावकाश सोडायचा. श्वासात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते पडद्यावर आकड्यात उमटतं. बिडीवाल्याचा आकडा चांगलाच चढलेला निघतो, आणि त्याचं कारण बिडीच्या रचनेत आहे. तेंदूचं पान कागदासारखं आपोआप जळत राहत नाही. झुरका थांबला की बिडी विझते, म्हणून ती सिगारेटपेक्षा जास्त वेळा आणि जास्त जोराने ओढावी लागते. पान हवाही फारशी आत येऊ देत नाही. ‘बिडी म्हणजे झाडाचं पान, सिगारेटपेक्षा बरी’ हा समज गावोगावी आहे, तो चुकीचा आहे आणि तो धरून ठेवल्याने माणसं दगावतात. यंत्राचा खरा उपयोग मात्र भीती घालण्यासाठी नाही. रक्तातला हा वायू दर पाच-सहा तासांनी निम्म्यावर येतो. बिडी बंद करून दोन दिवसांनी तोच माणूस परत फुंकायला आला की आकडा न ओढणाऱ्याच्या जवळपास आलेला दिसतो. चाळीस वर्षांची सवय आणि दोन दिवसांत उतरलेला आकडा, हे डोळ्यांनी पाहिल्यावर माणसाचा आपल्या शरीरावरचा विश्वास परत येतो.

त्यानंतर ठरते तारीख, आणि ती ठरवताना गावाचं पंचांग आठवावं लागतं. ऐन रोवणीत किंवा धान कापणी-मळणीच्या धांदलीत तारीख धरली तर थकवा आणि सोबत दोन्ही आड येतात. मंडईचे दिवस तर टाळावेतच. घरातलं लग्न तोंडावर असेल तर ते उरकू द्यावं. पण ‘उरकू द्या’ म्हणत वर्षही निघून जातं, म्हणून आठ ते पंधरा दिवसांच्या पुढे तारीख जाऊ देत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात मारबत काढून रोगराई, इडापिडा गावाबाहेर घालवण्याची रीत आहे. तो दिवस जवळ असेल तर मनाला आधार देणारी याच्याइतकी चांगली तारीख नाही.

तारीख ठरली की ती सांगायची, आणि इथून हे काम एकट्याचं राहत नाही. कोणाला काय सांगायचं हे माणसामाणसाप्रमाणे बदलतं. बायकोला सांगायचं, की पहिले आठ दिवस मी चिडेन, जेवणावर राग काढेन, रात्री कूस बदलत राहीन. ते तुझ्यामुळे नाही. हे आधी बोललेलं असलं की घरातली अर्धी भांडणं टळतात. नातवाला काम द्यायचं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करण्याचं. पोरं हे काम फार मन लावून करतात आणि आजोबांना सुटी देत नाहीत. पण सर्वांत अवघड बोलणं असतं ते संगतीच्या माणसांशी. “माझ्यासमोर ओढू नका” असं कोणी म्हणत नाही, म्हणून चालतही नाही. “भाऊ, महिनाभर माझ्यापुढे कट्टा करू नका, एवढंच करा” असं सांगितलं तर धुऱ्यावरचा कुठलाही भला माणूस ऐकतो. मागणी लहान असली की पाळली जाते.

संगतीचा हा परिणाम मोजलेलाही आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावी हृदयरोगाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यातल्या १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ या काळातली नाती, मैत्र्या आणि धूम्रपानाच्या सवयी निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. नवरा किंवा बायकोने सोडली तर जोडीदार ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, भावंडाने सोडली तर २५ टक्क्यांनी. माणसं सुटीसुटी न सोडता घोळक्यांनी सोडतात असं त्यांना दिसलं. फ्रॅमिंगहॅम आणि गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव यांच्यात सात समुद्रांचं अंतर आहे, तरी धुऱ्यावरच्या तिघांपैकी दोघांनी एकाच दिवशी सोडायचं ठरवलं तर तिसऱ्याचं काय होईल हे सांगायला आमगावच्या माणसाला आकडेवारी लागणार नाही.

सिगारेट सोडणाऱ्यांसाठी लिहिलेल्या सगळ्या सूचनांमध्ये एक वाक्य असतं: घरातली सगळी पाकिटं, काड्यापेट्या, राखदाण्या फेकून द्या. ज्या घरात बायको किंवा सून बिड्या वळते तिथे हे कसं करायचं? सूप मांडीवर, भिजवून कापलेली पानं एका बाजूला, जर्द्याची चिमूट, अंगठ्याच्या एका वळशात गुंडाळी, तोंड मुडपून सुताचे दोन फेरे. हजार बिड्या झाल्याशिवाय तिची मजुरी बनत नाही. सट्टेदाराने, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराने, मोजून दिलेला तंबाखू आणि पानं घरात असणारच, आणि छाटणीत नापास होऊन परत आलेल्या बिड्याही असणार. घरच्या बाप्याची बिडी कित्येकदा ह्या नापास बिड्यांतूनच चालते. विकत घेतच नाही म्हणून खर्चही दिसत नाही. अशा घरात तयारी वेगळी करावी लागते. माल डब्यात बंद, डबा तिच्या ताब्यात, परत आलेल्या बिड्या त्याच दिवशी उकलून पाण्यात टाकायच्या. वळण्याची जागा अंगणात किंवा पडवीत, जिथे तो बसत-झोपत नाही तिथे. यात तिचाही फायदा आहे. जर्द्याची धूळ दिवसभर तिच्या नाकातोंडात जाते, बोटांच्या कातडीतून निकोटिन अंगात भिनतं. कधी बिडीला तोंड न लावलेल्या बिडी कामगारांच्या लघवीतही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. नवऱ्याच्या खोकल्याचं निमित्त होऊन तिच्याही छातीची तपासणी झाली, तर ती फार दिवसांची राहिलेली तपासणी असते.

विदर्भात आणखी एक पळवाट उघडी असते: बिडी बंद, खर्रा चालू. पानठेल्यावर पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना दिवसभर गालात राहतो, धूर दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं माणूस सुटला. महाराष्ट्राचं चित्रच असं आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. निकोटिन तेच, तोंडाच्या कर्करोगाची वाट तीच. छत्तीसगडला लागून असलेल्या गावांत बायांमध्ये गुडाखू, म्हणजे तंबाखूचीच पेस्ट, दातांना घासण्याची सवय आहे, तिचंही हेच. त्यामुळे तारीख ठरवताना ‘सगळ्या प्रकारचा तंबाखू’ असं मोकळेपणाने बोलून घेतलेलं बरं, आणि नवऱ्याची बिडी सुटत असताना बायकोने गुडाखूचा डबा बाजूला ठेवला तर दोघांनाही जोर येतो.

पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. डोकं जड, तोंड कोरडं, जीव कशात लागत नाही. तलफ येते ती लाटेसारखी चढते आणि तीन-पाच मिनिटांत ओसरते, आणि तेवढी मिनिटं काढण्याचीच तालीम आधी करायची असते. पाणी घोट घोट पिणं, दहा लांब श्वास, जागेवरून उठून गोठ्यात किंवा रस्त्यावर जाणं, तोंडात लवंग, बडीशेप किंवा आवळ्याचा तुकडा. सकाळचा काळा चहा आणि बिडी ही जोडी असेल तर आठ दिवस चहाची वेळ किंवा बसण्याची जागा बदलायची. निकोटिनची चघळायची गोळी (गम) मिळते. दोन मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवायही मिळते, पण ती चघळायची रीत दाखवावी लागते. लोक ती चिंगमसारखी चावत सुटतात, मग उचकी आणि मळमळ होते आणि ‘मला लागली नाही’ म्हणून फेकून देतात. सावकाश आठ-दहा वेळा चावायची, तोंडात झिणझिण्या आल्या की थांबून गालाच्या कडेला दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की परत चावायची. असं अर्धा तास. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा किंवा लिंबू सरबत घेतलं तर तोंडातल्या आंबटपणामुळे औषध नीट शोषलं जात नाही. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही पोटात घ्यायची औषधं डॉक्टरांनी तपासूनच द्यायची.

गावात हे बोलायला कोणी नसेल तर फोन आहे. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली ती सुरू झाली, आणि २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवरही छापला जातो. म्हणजे ज्या कट्ट्यातून बिडी काढायची त्याच्यावरच सोडवणाऱ्याचा पत्ता आहे. वाचता येणाऱ्या नातवाने तो आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावा.

आणि शेजारी गडचिरोली आहे. देवरी आणि अर्जुनी मोरगावची शीव त्या जिल्ह्याला भिडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ मध्ये तिथे ‘मुक्तिपथ’ सुरू केलं. दारू आणि तंबाखू हा एकेका माणसाच्या नशिबाचा प्रश्न न मानता गावाने बसून सोडवायचा प्रश्न मानला. गावात संघटना, दुकानदारांशी बोलणी, तालुक्याला उपचाराची सोय, गावातच शिबिरं. सोडू पाहणाऱ्याच्या आजूबाजूचं गावच थोडं बदललं की त्याच्या इच्छाशक्तीवरचं ओझं हलकं होतं. गोंदियातल्या ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा व्यवहार हाताळून दाखवला आहे. याच ग्रामसभेत वर्षातून एकदा तंबाखूवर बोलणं व्हावं, अशी अपेक्षा मुळीच अवास्तव नाही.

सोडूनही पंधरा दिवसांनी एखाद्या मयतीत बिडी ओढली जाते. असं होणार हे धरून त्याचीही तयारी आधीच करून ठेवतात, कारण खरी फजिती त्या एका बिडीने होत नाही, तिच्यामागून आलेल्या शरमेने होते. माणूस समुपदेशकाला टाळतो, घरी खोटं बोलतो, आणि आठवड्याभरात कट्टा परत खिशात येतो. म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं, की अशा वेळी टोमणा नको. कुठे, कोणासोबत, किती वाजता पेटवली एवढंच विचारा. उत्तरातून पुढच्या वेळी कुठे सावध राहायचं ते कळतं. बहुतेक जण पहिल्याच खेपेला सुटत नाहीत, अनेक खेपांनंतर सुटतात, आणि उशीर झाला असंही नसतं. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये जे छापलं त्यानुसार तिशीत सोडणाऱ्याला सुमारे दहा, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन वर्षांचं आयुष्य परत मिळतं. म्हणून समुपदेशक काकाजींच्या कार्डावर पुढच्या तारखा आधीच लिहून ठेवतो: आठवडा, पंधरवडा, महिना, तीन महिने. आणि त्यातल्या एका तरी तारखेला काकूंना सोबत घेऊन या असं सांगतो.